बाळ सारखं दूध टाकतंय आणि वजन हलत नाही – नक्की बघायचं कशाकडे?

अर्धीझोप
नमस्कार मंडळी. लेक नऊ आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. पाजलं की दूध टाकते. कधी लगेच, कधी तासाभराने फुटलेलं. काल मोजलं, दिवसभरात अकरा वेळा. मध्येच पाठीची कमान करून रडते, आडवं ठेवलं की घशात गुळगुळ ऐकू येते. ताप नाही, रक्त नाही, जागी असली की हसते-खेळते.

खरी काळजी वजनाची. जन्माचं वजन २.९ किलो. चौथ्या दिवशी २.६८, चौदाव्या दिवशी २.९२. सहा आठवड्यांना ३.७५ होतं, तेव्हा सगळे खूश. परवा नवव्या आठवड्याला ४.०० भरलं. म्हणजे तीन आठवड्यांत जेमतेम पाव किलो! डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे बघू, मग परत या. हे दोन आठवडे माझ्याच्याने निघत नाहीयेत.

जास्त प्यायली की जास्त टाकते, म्हणून आता दहा मिनिटं झाली की मी तिला सोडवून घेते आणि दोन वेळांमध्ये तीन तास जाऊ देते. गुळण्या थोड्या कमी झाल्यात. रात्री सलग पाच तास झोपते, तेवढंच काय ते सुख. प्यायलेलं सगळं बाहेर येत असेल तर वजन वाढणार कुठून? कोणी यातून गेलंय का?

कुंपणावरची
वाचतेय. माझ्याकडे साडेतीन महिन्यांचं कारंजं आहे. वजन मात्र दणदणीत.

बंड्याचाबाबा
आमचा बंड्याही असाच होता. "सगळं बाहेर आलं" असं मीही रोज म्हणायचो. एकदा वैतागून एक प्रयोग केला. पाच मिलीचा औषधाचा चमचा पाण्याने भरला आणि सुक्या दुपट्यावर ओतला. तळहाताएवढा डाग पडला. दोन चमचे ओतले तर बायको म्हणाली, "बघ, आज किती ओकला!" तिला सांगितलं, हा बंड्या नाही, हा मी.

थोडक्यात, डाग बघून अंदाज बांधू नका. अकरा वेळा एकेक चमचा म्हणजे पंचावन्न मिली. दिवसभराच्या दुधात ते फार नाही.

जुनंखोड
तीन मुलं वाढवली. एकही न ओकता मोठं झालं नाही. आमच्या वेळी वजन बघायचं ते लस द्यायला गेलं की, नाहीतर नाही. बाळ हसतंय ना, मग कशाला आकडे धरून बसायचं? आकड्यांनी बाळंतिणीचं दूध आटतं.

रोखठोक
सरळ वरचं दूध सुरू करा. रोज दोन बाटल्या. आठ दिवसांत फरक दिसेल. उगाच हट्टापायी लेकराला उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

पाऊलवाट
@रोखठोक, उपाशी कुणी ठेवलंय? कारण कळायच्या आधी बाटली दिली की बाळ तेवढं कमी ओढतं. ओढणं कमी झालं की दूधही कमी बनतं, आणि मग "दूध पुरतच नाही" हे खरं ठरतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

रोखठोक
आणि आमच्याकडे त्याच बाटलीने मुलगी सावरली. प्रत्येकाचं वेगळं असतं.

पाऊलवाट
तेच तर म्हणतेय. वेगळं असतं, म्हणून आधी बघा.

स्टेथो
मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. तान्ह्या बाळात ते अधूनमधून सैल पडतं, अन्न पातळ असतं आणि बाळ बराच वेळ आडवं असतं. त्यामुळे दूध वर येतं. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या काही महिन्यांत रोज गुळण्या टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. वजन नीट वाढत असेल आणि बाळ मजेत असेल तर तो आजार नाही, धुण्याचा प्रश्न आहे.

वजन रेंगाळायला लागलं की मात्र हेच वाक्य वापरता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ताई, तुमच्या लेकीची आधी रोज ३० च्या आसपास होती, ती आता १२ वर आली आहे. जुनंखोड काकू, बाळ हसतंय हे चांगलंच आहे, पण एवढा उतार नुसत्या हसण्यावर सोडता येत नाही.

आता, ज्यासाठी दोन आठवडे थांबायचं नसतं ते सांगतो. उलटी हिरवी असणं, उलटीत किंवा शीत रक्त, दूध जोरात लांबवर फेकलं जाणं आणि लगेच पुन्हा भूक लागणं, पोट फुगणं, ताप, बाळ मरगळणं, पिणं नाकारणं, श्वास अडखळणं, पिताना घाम आणि धाप, शू कमी होणं, टाळू खोल जाणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि पुढच्या भेटीत लघवीच्या तपासणीबद्दल विचारा. लहान बाळात लघवीचा जंतुसंसर्ग कधी कधी तापाशिवाय, नुसत्या मंद वजनवाढीतून समोर येतो.

तिसरीघंटा
सगळ्यांनी गुळण्या धरल्या आणि एक वाक्य सोडलं. मूळ पोस्ट परत वाचा. "दहा मिनिटं झाली की सोडवून घेते." "तीन तास जाऊ देते." वर रात्रीची पाच तासांची झोप.

@अर्धीझोप, हे कधीपासून चाललंय? सहा आठवड्यांनंतर ना?

माझा अंदाज असा की तिच्यातून बाहेर जास्त जात नाहीये, आत कमी जातंय. सुरुवातीचं दूध पातळ असतं. स्तन जसा रिकामा होत जातो तसं त्यातलं स्निग्ध वाढत जातं. दहाव्या मिनिटाला सोडवलं तर ती वरण पिऊन भातावरून उठतेय. काही बाळं दहा मिनिटांत पोट भरून मोकळी होतात, पण ती स्वतःहून सोडतात. घड्याळ बघून सोडवणं वेगळं.

मी स्तनपानाची समुपदेशक नाही, दोन मुलांची आई आहे. धाकट्याच्या वेळी हीच चूक केली होती, म्हणून लगेच डोळ्यात भरली.

अर्धीझोप
@तिसरीघंटा, हो. सातव्या आठवड्यापासून. पोस्ट परत वाचली आणि पोटात गोळाच आला. मीच उपाशी ठेवत होते का तिला?

तिसरीघंटा
अगं, नाही. गुळण्या कमी व्हाव्यात म्हणून केलंस, आणि त्या झाल्याही. म्हणून तर हे लक्षात येत नाही. रडत बसू नकोस, शू मोज. दिवसाला सहाच्या वर जड लंगोट होतायत का?

अर्धीझोप
पाच. कधी सहा. मी ते ठीक समजत होते.

स्टेथो
तिसरीघंटा यांनी मर्मावर बोट ठेवलं. सहाच्या खाली राहत असेल तर ठरलेल्या भेटीची वाट बघू नका, उद्याच दाखवून या. मागाल तेव्हा पाजा, दिवसा दोन-अडीच तासांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि वजन मार्गावर येईपर्यंत रात्री एकदा उठवून पाजा. लॅच, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं ते, कोणाकडून तरी प्रत्यक्ष बघून घ्या. जीभ खालून बांधलेली आहे का, हे फोटोवरून कळत नाही.

कुंपणावरची
रात्री झोपलेलं बाळ उठवायचं? डॉक्टर, तुम्हाला शत्रू पुष्कळ असतील.

स्टेथो
घरातच दोन आहेत.

आलेखवेडा
वजनाबद्दल थोडं. सगळी वजनं एकाच काट्यावर केली होती का? कपड्यांसकट की उघडं? आमच्याकडे एकदा लेकाचं वजन आठवड्यात दोनशे ग्रॅम उतरलं म्हणून घरात सुतक. मग कळलं की आधीच्या वेळी ओला डायपर आणि लोकरीचा अंगरखा होता. एकच काटा, उघडं बाळ, पाजण्याआधी. आणि रोज वजन करू नका, वेड लागेल. आठवड्यातून एकदा पुरे.

दुसरं, "अंगावरची बाळं हलकीच असतात" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरूनच तयार केले आहेत. त्याआधीच्या तक्त्यांत बाटलीवरची बाळं बरीच होती, म्हणून आपली बाळं तीन-चार महिन्यांनंतर उगाच खाली घसरल्यासारखी दिसायची. आता ती सबब राहिली नाही. बाळ खालच्या रेषेवर असलं तरी चालतं, रेषा सोडून खाली उतरायला लागलं तर बघायचं.

जुनंखोड
डॉक्टर, मान्य. पाच लंगोट म्हटल्यावर मीही सावध झाले असते. लंगोट तर आम्हीही मोजायचो, धुवावे लागायचे ना.

मध्यरात्र
आमच्याकडे डोक्याकडून उंच केलेल्या तिरक्या गादीने फरक पडला होता. आडवं न ठेवता तसं झोपवा.

स्टेथो
हे मात्र नको. झोपेसाठी सपाट, कडक गादी आणि पाठीवरच. तिरक्या गादीवर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वास अडतो. ओकणाऱ्या बाळाची दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती स्वाभाविक आहे, पण पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. पालथं झोपवलं की ती दुधाच्या खाली येते.

प्यायल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा, ते चांगलं. गाडीच्या खुर्चीत बसवू नका, पोट दुमडतं आणि दूध आणखी वर येतं.

मध्यरात्र
बापरे. हे माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळं ठीक झालं, पण आता अंगावर काटा आला.

शांतकाठ
माझा अनुभव वेगळा. वजन मंद, गुळण्या, कमान, सगळं असंच. सोबत शीत शेंबडासारखा चिकट भाग आणि एकदा रक्ताची बारीक रेघ. डॉक्टरांनी मला गाईम्हशीचं दूध आणि त्यापासूनचं सगळं तीन आठवडे बंद करायला सांगितलं. बाळाचं काही बंद नाही, माझं! दुसऱ्या आठवड्यापासून बाळ शांत झालं. मग परत सुरू केल्यावर त्रास परत आला, तेव्हा खात्री पटली. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी.

पण ऐकीव माहितीवर हे करू नका. माझ्या बहिणीने स्वतःच्या मनाने दूध, गहू, अंडी सगळं एकदम सोडलं. बाळाला काडीचा फरक नाही आणि तिला चक्कर यायला लागली.

निळाई
आम्हाला ॲसिड कमी करणारं औषध दिलं होतं. महिनाभर दिलं, रडणं जैसे थे.

कुंपणावरची
माझ्या चुलतभावाच्या मुलाला त्यानेच आराम पडला.

स्टेथो
दोन्ही खरं असू शकतं. ते औषध दुधाचा आंबटपणा कमी करतं, दूध वर यायचं थांबवत नाही. अन्ननलिकेला सूज असेल तर उपयोग होतो. नुसत्या गुळण्यांना आणि रडण्याला होत नाही, उलट जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढते. म्हणून मोजक्या बाळांना, मोजक्या आठवड्यांसाठी.

कोणी काढलेलं दूध पिठाने घट्ट करून द्यायला सांगेल. आईच्या दुधात पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर असतं, ते काही वेळात पुन्हा पातळ होतं. आणि एवढ्या लहान वयात ते पोटात जायलाही नको.

बंड्याचाबाबा
निसर्गाने तिथेही बंदोबस्त करून ठेवलाय म्हणायचा.

अवांतर: माझ्या ऑफिसच्या सगळ्या शर्टांचा डावा खांदा फिका आहे. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, ही नवीन फॅशन का?

पाऊलवाट
पान्हा जोरात येत असेल तरी बाळ घुटमळतं, हवा गिळतं आणि टाकतं. मी मागे रेलून, बाळ पोटावर घेऊन पाजायचे, त्याने धार सौम्य होते. पण एका वेळी एकच बाजू तासन्‌तास द्यायची युक्ती इथे वापरू नका. दूध फार असेल तरच ती चालते, त्याने दूध कमी होतं.

आणि मंद पिणाऱ्या बाळासाठी पिता पिता स्तन हलक्या हाताने दाबत राहा. ओढणं थांबलं की दाबायचं, गिळायला लागलं की धरून ठेवायचं. "क-ह, क-ह" असा बारीक आवाज येतो गिळण्याचा. तो ऐकायला शिकलात की घड्याळ लागत नाही.

अर्धीझोप
दाखवून आले. लघवी स्वच्छ, बाकी तपासणी ठीक. तिथल्या समुपदेशक ताईंनी लॅच बघितला. लेक नुसतं टोक धरत होती. खालचा ओठ आत मुडपलेला, गाल आत ओढले जात होते. हनुवटी आधी टेकवून, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून जवळ घ्यायला शिकवलं. पहिल्या प्रयत्नात आम्ही दोघीही रडलो.

मग पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यात, बारीक काट्यावर वजन केलं. पहिल्यांदा मी नेहमीसारखं दहा मिनिटं पाजलं: ४० ग्रॅम. म्हणजे जवळपास ४० मिली. पुढच्या वेळी ती सोडेपर्यंत, दोन्ही बाजू, दाबत दाबत, चोवीस मिनिटं: ८५.

घरी येऊन हिशेब मांडला. मी दिवसातून आठ वेळा पाजत होते. आठ चोक बत्तीस, म्हणजे तीनशेवीस मिली. या वजनाला किलोमागे दीडशे मिली धरतात म्हणे, म्हणजे सहाशेच्या आसपास. आणि मी गुळण्या मोजत बसले होते.

स्टेथो
एका पाजण्यावरून दिवसाचा हिशेब काटेकोर निघत नाही, बाळ प्रत्येक वेळी सारखं पीत नाही. पण दिशा बरोबर आहे.

रोखठोक
मग थोडे दिवस वरचं द्यायला सांगितलं की नाही?

अर्धीझोप
हो, थोडं सांगितलं. पण आधी माझंच. पाजून झाल्यावर पंपाने काढायचं आणि ते वाटी-चमच्याने दिवसातून तीन वेळा द्यायचं. पाच दिवसांत शू वाढली नाही किंवा वजन हललं नाही तर पावडरचं दूध. तेव्हा तुमचंही चूक नव्हतं आणि पाऊलवाट यांचंही.

रोखठोक
हे वाक्य फ्रेम करून ठेवतो. इथे असं कोणी म्हणत नाही.

जुनंखोड
तुम्ही झोपता कधी, पोरी? काढायचं, पाजायचं, उभं धरायचं, पुन्हा काढायचं. घरातल्या बाकीच्यांच्या खांद्यांना काय झालंय? दूध तुझं एकटीचं, पण उभं धरायला तुझाच खांदा कशाला हवा?

अर्धीझोप
काकू, हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. रात्री अकराचं आणि पहाटे पाचचं उभं धरणं आता त्याच्याकडे. काल बघितलं तर सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागला होता. लेक छातीवर जागी, टकमक.

स्टेथो
उभं धरून जागं राहता येत नसेल तर बाळाला गादीवर ठेवा. सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन झोपणं हे तिरक्या गादीपेक्षाही वाईट.

अर्धीझोप
वाचून दाखवलं. आता येरझाऱ्या घालतोय.

आलेखवेडा
वजन कळवा. आमच्यासारखे लोक त्यासाठीच इथे येतात.

अर्धीझोप
बारा दिवसांनी. तोच काटा, उघडी, पाजण्याआधी: ४.३८. रोज ३० च्या वर. पावडर लागली नाही. जड लंगोट सात-आठ. आणि गुळण्या? वाढल्यात! काल चौदा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिला परत त्रास सुरू झाला." मी म्हटलं, होऊ दे.

बंड्याचाबाबा
दुपटी वाढवा.

अर्धीझोप
धागा वर काढतेय. लेक सात महिन्यांची. पंप साडेतीन महिन्यांना सुटला. पाचव्यात गुळण्या शिगेला, आता बसायला लागल्यापासून दिवसाला एखादीच. वजनाची रेषा तिने धरून ठेवलीय, खालच्या बाजूलाच आहे, पण सोडत नाही. @कुंपणावरची, तुमचं कारंजं?

कुंपणावरची
बंद. आता भिंती चाटतं.

नवाबाप
पूर्ण धागा वाचला. आमचा मुलगा पाच आठवड्यांचा, तोही टाकतो. मध्येच सोडवत नाही, लॅच बघून घेतलाय. पण चार दिवसांपासून प्रमाण वाढलंय. आज सकाळी टाकलं ते पलंगाच्या पलीकडे गेलं. लगेच पुन्हा प्यायला मागतो. शू सकाळपासून एकदाच. वाट बघू का?

स्टेथो
नाही. आत्ता निघा. जठराच्या पुढचं तोंड जाड होऊन अरुंद होतं, या वयातला आजार आहे, सोनोग्राफीत दिसतो. तेच असेल असं नाही, पण दुधाचं लांब फेकलं जाणं, लगेचची भूक आणि कमी शू एकत्र असतील तर घरी थांबायचं नाही.

नवाबाप
निघालो.

अर्धीझोप
कळवा हो.

जुनंखोड
काय झालं? सकाळपासून चार वेळा बघून गेले.

नवाबाप
तेच निघालं. आधी सलाईन लावून शरीरातलं पाणी आणि क्षार सावरले, मग काल छोटी शस्त्रक्रिया झाली. आज सकाळपासून थोडं थोडं प्यायला लागलाय. एकदा टाकलं, पण हनुवटीपर्यंतच. एवढी छोटी गुळणी बघून आम्ही दोघं हसत सुटलो. नर्स म्हणाल्या, "असं काय करताय?"